बादलीचं तोंड गोल नसतं: एलिमेंटरी-इंटरमिजिएट बंद करा म्हणणाऱ्यांसाठी

फलकलेखक:
परवा इथेच एकाने लिहिलं की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शाळकरी मुलांच्या सरकारी चित्रकला परीक्षा मुलांमधला चित्रकार मारतात. त्या ताबडतोब बंद कराव्यात, आठवी-नववीच्या मुलांना 'काहीही न शिकवता' कागद आणि रंग द्यावेत आणि आपण बाजूला व्हावं. खाली 'अगदी अगदी'ची रांग लागलेली. तिथे प्रतिसाद लिहायला बसलो तो लांबत गेला, म्हणून हा वेगळा धागा.

मी तालुक्याच्या गावी हायस्कूलला चित्रकला शिकवतो. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका. नववीच्या वर्गात टेबलावर बादली ठेवा आणि काढायला सांगा. जवळजवळ सगळी पोरं तोंड गोल काढतात आणि बूड सरळ रेघेत. कारण तोंड गोल आहे हे त्यांना माहीत आहे, आणि बादली सपाट बसते हेही माहीत आहे. म्हणजे समोर बादली असून कुणी तिच्याकडे बघत नाही. आता या पोरांना मोकळं सोडा. दहावीच्या निरोप समारंभापर्यंत हीच बादली काढत राहतील, आणि 'मला चित्रकला येत नाही' असं म्हणत आयुष्य काढतील.

मी काय करतो? एक डोळा मिटायचा, हात ताठ, पेन्सिलीवर अंगठ्याने माप. तोंडाची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते बघ. मग बादली हळूहळू उचलून डोळ्याच्या पातळीला आणायची. लंबवर्तुळ चपटं होत होत नुसती रेघ उरते. खाली नेली की परत उघडतं. बूड डोळ्याच्या पातळीपासून जास्त लांब, म्हणून त्याचा बाक तोंडापेक्षा जास्त. एकदा हे दिसलं की पोरगं सुट्टीत शाळेवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघतं आणि येऊन विचारतं, 'सर, टाकीचा बाक उलटा कसा?' ज्या दिवशी हा प्रश्न येतो त्या दिवशी माझा पगार वसूल.

आणि हे मी करू शकतो कारण वस्तुचित्राचा पेपर आहे. परीक्षा नसेल तर माझा तास गणिताच्या सरांकडे जातो. ऑक्टोबरात पोर्शन राहिलेला असतो, त्यांना कुणीतरी गिऱ्हाईक हवंच असतं. परीक्षा बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी एक बादली काढून दाखवावी.

मुक्तछंद:
तो 'एकाने' म्हणजे मी. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

सर, तुमचा बादलीचा तास वाचून छान वाटलं. असा तास किती शाळांत होतो? माझ्या मुलीच्या शाळेत (नाव घेत नाही, तिची दहावी अजून व्हायची आहे) पावसाळाभर स्मरणचित्राची ठरावीक चित्रं घोटून घेतली. बाजार, बसथांबा, पाणवठा, पतंग. विषय कुठलाही येवो, त्यातलं एक वळवायचं. विसर्जन आलं तर बाजारातलीच माणसं, मागे मूर्ती. डावीकडे पाठमोरी बाई, कडेवर मूल, उजव्या कोपऱ्यात अर्धं झाड. मुलीने विचारलं, बाई पाठमोरीच का? उत्तर मिळालं: चेहरा काढावा लागत नाही.

याला स्मरण म्हणायचं? गाइडाचं स्मरण आहे ते.

आणि या सगळ्याचं मूळही बघा. कर्तव्यभूमिती (कंपासने आकृत्या काढणं), अक्षरलेखन, चौकोनात नक्षी हा लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेचा वारसा आहे. कारखान्यांना आणि सरकारी खात्यांना हात हवे होते, म्हणून ही घोटाई. १८५७ साली मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय सुरू झालं त्यानंतर तीच पद्धत आपल्याकडे रुजली. इंग्रज गेले, कंपास राहिला. तिकडे १९१९ला शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झालं तेव्हा नेमकी हीच चौकट मोडली होती. आपण अजून परिघावर षटकोन काढतोय.

निवृत्त नागरिक:
आमच्या वेळी बोरू होता. अक्षर बघा आताच्या मुलांचं. बाकी चालू द्या.

फलकलेखक:
पाठमोरी बाई मान्य. गाइडांचा मी वकील नाही. पण गाइडामुळे परीक्षा बंद करायची तर इतिहास, मराठी आणि विज्ञान आधी बंद करा, तिथे काय नवनीत निघतंय? (हलके घ्या.)

आणि त्या कलाभवनातले नंदलाल बोस पोरांना 'काहीही न शिकवता' सोडून देत होते असं वाटत असेल तर जरा माहिती घ्या. निसर्ग समोर बसून बघण्यावर त्यांचा केवढा भर. मोडली ती चौकट, बघण्याची शिस्त नव्हे. कंपासाचं म्हणाल तर माझ्या पोरांपैकी बरीच आयटीआयला जातात. प्लॅन-एलिव्हेशन त्यांना तिथे पहिल्या दिवशी लागतं. त्यांच्यासाठी ती 'इंग्रजांची घोटाई' नाही, पोटापाण्याची गोष्ट आहे.

ठाण्याची आई:
मुलाची इंटरमिजिएट नुकतीच झाली. मुलातला चित्रकार मेला का जगला ठाऊक नाही, आम्ही दहावीच्या वाढीव ७ गुणांसाठी बसवलं. ए ग्रेडला ७, बी ला ५, सी ला ३. अकरावीच्या यादीत अर्ध्या टक्क्यावर कॉलेज बदलतं. क्लासची फी भरली, ए मिळाली, विषय संपला. उगाच कला-बिला काय.

त्रिकोणमिती:
धन्यवाद ताई, कुणीतरी खरं बोललं. आता मला सांगा, बादलीचा आणि अकरावी सायन्सचा संबंध काय? ज्याला चित्र येत नाही त्याने काय पाप केलं? माझी मुलगी घासून घासून अभ्यास करते, आणि शेजारचा मुलगा पाठमोरी बाई काढून तिच्या पुढे. हे वाढीव गुण आधी बंद करा. परीक्षा आपोआप बंद पडेल, मग दोन्ही बाजू खूश.

वऱ्हाडी ठेचा:
काय राजेहो, खेळाडूले गुण भेटतात, शास्त्रीय नृत्य-गायनवाल्याले भेटतात, लोककलेले भेटतात. तेव्हा कोणाच्या पोटात दुखत नाही. चित्रवाल्याच्याच सात गुणांवर डोळा काहून?

त्रिकोणमिती:
माझ्या पोटात सगळ्याच गुणांनी दुखतं. खेळाचेही काढा. गुण दहावीच्या विषयांच्या अभ्यासाचे असावेत, एवढं साधं आहे.

ठाण्याची आई:
'शेजारचा मुलगा' अभ्यास करत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? दोन्ही करतो तो. रविवारी सकाळी झोपा काढणाऱ्यांनी बोलू नये.

त्रिकोणमिती:
माझी मुलगी झोपा काढते असं म्हणायचंय का तुम्हाला? शब्द मागे घ्या.

मुक्तछंद:
बघा सर, हेच माझं म्हणणं होतं. धागा चित्रकलेवर, आणि भांडण सात गुणांवर. कोविडच्या वर्षी परीक्षा झाली नाही, तेव्हा ते गुणही गेले. किती पालकांनी 'पण चित्र काढायचं राहिलं' म्हणून आवाज उठवला? ओरड झाली ती गुणांसाठी.

फलकलेखक:
गुणांवरून शिव्या घालणाऱ्यांनी एक सांगावं. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभराच्या वर पट असेल तर कलेला अर्धवेळ निदेशक, म्हणजे शिकवणारा. म्हणजे पूर्णवेळ माणसाची गरजच नाही असा अर्थ काढला गेला. २०१५च्या शासन निर्णयात अतिथी निदेशकाला तासाला ५० रुपये. पन्नास! गवंड्याच्या हाताखालचा माणूस हसेल. आमच्या भागात कलाशिक्षक निवृत्त झाला की जागा त्याच्याबरोबरच निवृत्त होते. आम्ही उरलो ते रांगोळी, फलकावर सुविचार, गॅदरिंगचा पडदा, मैदानावर फक्की आणि प्रमाणपत्रांवर नावं लिहायला. साहेब तपासणीला येणार म्हटलं की पहिली हाक मला. नववी-दहावीला तर आता 'स्वविकास व कलारसास्वाद' असं जोडनाव आहे, श्रेणी दिली की मोकळे. रस आधी का आस्वाद आधी, ते पोरांनी हात काळे न करता ठरवायचं.

या सात गुणांमुळे तरी मुख्याध्यापक विचारतात, 'यंदा किती बसवले?' तेवढ्या एका प्रश्नावर माझी चित्रकलेची खोली टिकून आहे. ती काढून घ्या आणि मग बसा मुक्त आविष्कार करत.

एडिसनकर:
आमच्याकडे न्यू जर्सीत मुलीने हायस्कूलला पहिल्याच वर्षी ड्रॉइंग, पेंटिंग, प्रिंटमेकिंग असा एकच कोर्स घेतला. लिनोकट (लिनोलियमच्या शीटवर कोरून छापणं), मोनोप्रिंट, चारकोल, सगळं. पुढे एपी (कॉलेजच्या पातळीचा कोर्स) घेतलं तर तीन तासांचा पेपर नाही. वर्षभराच्या कामाचा पोर्टफोलिओ: एका प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्या १५ प्रतिमा, शिवाय निवडक ५ कामं. चुकलेले प्रयत्नसुद्धा दाखवायचे असतात. आपल्याकडे असं का होऊ शकत नाही? इच्छाशक्ती हवी फक्त.

वऱ्हाडी ठेचा:
आले. डॉलरमधली इच्छाशक्ती घेऊन आले.

छापखाना:
एडिसनकरांची खिल्ली उडवू नका, मुद्दा बरोबर आहे, फक्त 'इच्छाशक्ती' हा शब्द बाद. मी मुद्राचित्रणवाला आहे, मुंबईत शिकलो. या धाग्यात सगळे पेन्सिल आणि पोस्टर कलरवर भांडताय, एडिसनकर सोडले तर छापाचं नाव कुणी घेतलं नाही याचं मला जास्त दुःख आहे. ज्या राज्यात रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, आणि त्या ओलिओग्राफांनी (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्रांनी) घराघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीचे चेहरे ठरवले, त्या राज्यात दहावी झालेल्या मुलाने आयुष्यात छापलेलं काय असतं? भेंडीचा ठसा. तोही बालवाडीत.

तुमच्या दोघांच्या भांडणावरचा उतारा लिनोकटमध्ये आहे. लिनोवर खोडरबर चालत नाही. कापलं ते गेलं, कापलं ते पांढरं राहणार. म्हणजे आधी नीट बघून ठरवावंच लागतं, काळं कुठे आणि पांढरं कुठे. ही झाली फलकलेखकांची शिस्त. आणि छायांकन घोटायची सोय नाही, गाइडातली बाई तशीच्या तशी उतरत नाही, प्रत्येकाला आपली रेघ शोधावी लागते. ही झाली मुक्तछंदांची मोकळीक. १९३०च्या दांडीयात्रेवर नंदलालांनी केलेला काठीवाला गांधी आठवा. काळ्यावर मोजक्या पांढऱ्या रेघा. बंगाली चित्रकार चित्तप्रसाद यांची बालमजुरांवरची लिनोकट बघा, तीही मुंबईत राहून केलेली. एकदा मुलांसमोर ठेवा आणि वर्ग कसा गप्प होतो ते बघा.

ठाण्याची आई:
आणि बोट कापलं तर? शाळा जबाबदार की तुम्ही?

छापखाना:
बोट कापतं ते दुसरा हात हत्याराच्या समोर ठेवल्यामुळे. ताबा धरणारा हात कायम पात्याच्या मागे, लाकडी अडणीला शीट टेकवायची, आणि लिनो आधी उन्हात ठेवायचा. त्यात जवसाचं तेल असतं, ऊन लागलं की मऊ पडतो, जोर लावावा लागत नाही. बोथट हत्यारानेच घात होतो. तरी भीती वाटत असेल तर आठवीला लिनो नकोच. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यावर सुतळी, जाळी, वाळकी पानं फेव्हिकॉलने चिकटवा, वाळल्यावर वॉर्निश मारा. झाला ठसा. रोलरने शाई, वर कागद, चमच्याच्या पाठीने घासा. प्रेस लागत नाही.

फलकलेखक:
चमच्याने घासून एकसारखं उमटतं? साठ पोरांना रोलर कुठून आणू? शाई कोण देणार, कला संचालनालय?

छापखाना:
एकसारखं उमटणार नाही. पहिले ठसे फिके येतात, कागद सरकतो, कडेला बोटं उमटतात. मुलं परत घासतात, कुणी सांगायला लागत नाही. रोलर गटाला एक पुरतो. शाई गावातल्या छापखान्यातून मागा, डब्याच्या तळाशी उरलेली फुकट देतात. धुवायला रॉकेल आणि वर्तमानपत्र. आणि अक्षर कोरायला दिलंत तर उलटं कोरायला लावा. निम्मा वर्ग 'शुभ दिवाळी' सुलट कोरतो आणि छापल्यावर कपाळाला हात लावतो. अक्षरलेखनाचा याहून चांगला तास मी पाहिलेला नाही.

निवृत्त नागरिक:
बोरूने तेही होत असे.

मुक्तछंद:
छापखाना, वाचून हेवा वाटला. ठीक आहे, माझ्या लेखातलं 'काहीही न शिकवता' खोडतो, फलकलेखकांच्या समाधानासाठी दोनदा खोडतो. 'बंद करा' खोडणार नाही. ही परीक्षा ठेवायचीच तर स्मरणचित्राऐवजी मुलाने वर्षभर भरलेली वही तपासा, त्यात एक तरी छाप हवा. आणि गुण नकोत.

त्रिकोणमिती:
शेवटच्या वाक्याला +१००. आधीचं वाचलेलं नाही.

फलकलेखक:
वही तपासायला माणूस लागतो, आणि माणूस तासाला पन्नास रुपयांत येतो, हे परत लिहायला लावू नका. शिवाय बीएफएच्या (कलेच्या पदवीच्या) प्रवेशाच्या सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र आहेच. माझ्या पोराने वहीत छान छाप काढले आणि तिथे जाऊन बादलीचं तोंड गोल काढलं, तर त्याची फी तुम्ही भरणार का?

मुक्तछंद:
म्हणजे एक वाईट परीक्षा दुसऱ्या वाईट परीक्षेसाठी ठेवायची. धन्य आहे.

फलकलेखक:
तुम्हाला मुलगी एक आहे, मला वर्ग आहेत. छापखाना, त्या पुठ्ठ्याला वॉर्निश एक हात की दोन हात? आणि आमच्या तालुक्यात आता फ्लेक्सवालेच उरलेत, त्यांची शाई चालेल का?

छापखाना:
दोन हात, मधे एक रात्र जाऊ द्या. फ्लेक्सची शाई अजिबात नको, पातळ असते, सुतळीच्या खाचांत उतरून बसेल. जिल्ह्याला लग्नपत्रिका छापणारा कुणी ऑफसेटवाला असेल, त्याच्याकडे काळी मागा. लग्नसराई संपल्यावर जा, आता उभं करणार नाही.