टीव्हीला चित्र आहे, आवाज नाही. बोर्ड बदलावा का? (सल्ला हवा आहे)

सुरंगी
आईबाबा देवगड तालुक्यात, मी पुण्यात. त्यांच्या स्मार्ट टीव्हीचा (४३ इंची, २०१९ चा, वॉरंटी कधीच संपली) आवाज परवा सकाळपासून गेलाय. चित्र अगदी स्वच्छ. सेट टॉप बॉक्स बंद-चालू करून झाला, रिमोटचे सेल बदलले, म्यूट नाही हे आईने शपथेवर सांगितलंय. एक मेकॅनिक येऊन गेला. मागचं झाकणही न उघडता "बोर्ड गेला, साडेपाच हजार होतील" म्हणाला. खर्च करावा की नवीनच टीव्ही घ्यावा? व्हिडिओ कॉलवर मी त्यांच्याकडून थोडंफार करून घेऊ शकते. बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेत, त्यांना आवरलंय.

अनुस्वार
आधी बॉक्सच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट बघा. तिथे 'डॉल्बी' असेल तर 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' करा (या आवाज पाठवायच्या पद्धती, शेवटच्या दोन साध्या). आमच्याकडे बॉक्सचं अपडेट आलं आणि एचडी वाहिन्यांचा आवाज गायब, एसडी मात्र छान बोलत होत्या. पीसीएम केल्यावर सगळं सुरळीत.

भटक्या_पेठकर
+१. आणि एचडीएमआय केबल दुसऱ्या पोर्टात लावून बघा.

सोल्डरमामा
थांबा, केबल उपटण्याआधी एक साधी गोष्ट. बॉक्स बाजूला ठेवा आणि टीव्हीतल्याच यूट्यूबवर काहीही लावा.
तिथे आवाज आला तर टीव्ही धडधाकट आहे, दोष बॉक्समध्ये, केबलमध्ये किंवा त्या डॉल्बीच्या सेटिंगमध्ये. मग अनुस्वार म्हणतात तेच करा. यूट्यूबलाही आवाज नसेल तर बॉक्सच्या मागे लागून उपयोग नाही. अशा वेळी टीव्ही आवाज दुसरीकडे पाठवत असतो, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायरची आयसी (आवाज मोठा करणारी चिप) किंवा स्पीकर गेलेला असतो. हे न बघता 'बोर्ड गेला' म्हणणं म्हणजे नाडी न धरता औषध लिहून देणं.
आणि बाबांना सांगा, झाकण उघडायचं नाही. घरातली २३० व्होल्टची वीज पॉवर सप्लायमध्ये डीसी होते तेव्हा ती सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असते, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ राहू शकते.

टोरांटोकर
साउंडबार आहे का घरी? किंवा होता का? एआरसीवर (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या एचडीएमआय पोर्टावर) साउंडबार लावलेला असला की टीव्ही स्वतःचे स्पीकर बंद करतो. पुढे कुणी साउंडबार काढून नेला तरी काही टीव्ही 'बाहेरचा स्पीकर' याच सेटिंगवर अडून बसतात. ब्लूटूथचंही तेच. नातवंडं सुट्टीत येऊन आपला स्पीकर जोडून गेली असतील तर तेही बघा. काहीच सापडलं नाही तर सरळ फॅक्टरी रीसेट.

सोल्डरमामा
रीसेट सगळ्यात शेवटी. त्यात वायफायचा पासवर्ड, सगळ्या अ‍ॅपची लॉगिनं, लावून ठेवलेल्या वाहिन्या, सगळं जातं. लांब राहणाऱ्या आईवडिलांकडून फोनवर हे पुन्हा भरून घ्यायचं म्हणजे एक अख्खा रविवार. त्यापेक्षा टीव्ही भिंतीवरच्या बटणावरून बंद करा, पाच मिनिटं तसाच ठेवा आणि मग लावा. नुसतं रिमोटने बंद केलं तर टीव्ही स्टँडबायला असतो, त्याने भागत नाही.

चिंगी
धाग्यात घुसतेय, माफ करा. आमच्याकडे पेन ड्राइव्हवरच्या फक्त काही सिनेमांना आवाज नाही, बाकीचे नीट चालतात. हाही स्पीकरचा प्रॉब्लेम का?

सोल्डरमामा
@चिंगी, स्पीकरचा असता तर सगळेच मुके झाले असते. त्या फाइलींचा आवाज बहुधा डीटीएस पद्धतीचा आहे. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलांपासून डीटीएस काढलं, एलजीने २०२० मध्ये काढलं आणि २०२३ मध्ये परत आणलं. इतरही अनेक टीव्हींना ते कळत नाही. फाइलच्या मेन्यूत दुसरा ऑडिओ ट्रॅक असेल तर तो निवडा, नाहीतर कॉम्प्युटरवर फक्त आवाजाचा भाग एएसी या पद्धतीत बदलून घ्या. चित्राला हात लावावा लागत नाही, त्यामुळे पटकन होतं.

सुरंगी
सगळ्यांना धन्यवाद. साउंडबार नाही, ब्लूटूथला काही जोडलेलं नाही. भिंतीवरून बंद करून बघितला, फरक नाही. यूट्यूबलाही आवाज नाही. पण व्हिडिओ कॉलवर एक गोष्ट दिसली. आवाज वाढवताना पट्टी येते ना, तिच्या शेजारी स्पीकरऐवजी हेडफोनचं चित्र येतंय. हेडफोन लावलेला नाहीये. बाबा रात्री मॅच बघताना लांब वायरचा हेडफोन लावतात, आईची झोप मोडू नये म्हणून, पण सकाळी काढून ठेवतात.

सोल्डरमामा
हेच हवं होतं! बोर्ड गेलेला नाही.
हेडफोनच्या भोकात, म्हणजे जॅकमध्ये, एक बारीकशी स्प्रिंगची पट्टी असते. पिन आत गेली की ती सरकते, टीव्हीला कळतं की हेडफोन लागला, आणि तो स्पीकर बंद करतो. पिन काढली की पट्टीने जागेवर यायचं असतं. रोज घालून-काढून ती सैल पडते, त्यात तुमच्याकडची खारी, दमट हवा. संपर्काच्या जागी हिरवट गंज धरला की टीव्हीला वाटतं हेडफोन अजून आहेच. मालवण-देवगड पट्ट्यातले टीव्ही मी बरेच उघडलेत. तिथे जॅक आणि रिमोटचा सेन्सर हे आधी जातात, पडदा मागाहून.
आता असं करा. टीव्ही भिंतीवरून बंद. हेडफोनच्या पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचं बोट लावा (मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं), पिन आत घालून दोन्हीकडे फिरवा आणि दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. अर्धा तास सुकू द्या, मग टीव्ही लावा. सुई, टाचणी, काडी काहीही आत घालायचं नाही. खोबरेल तेलही नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण लोक घालतात.

भटक्या_पेठकर
म्हणजे त्या मेकॅनिकने चक्क गंडवायचा बेत केला होता!

सोल्डरमामा
तसं सरसकट म्हणू नये. हा जॅक मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेला असतो. सुटा जॅक कंपनी देत नाही, अख्खा बोर्ड देते, आणि हल्लीच्या पोरांना बोर्ड बदलायलाच शिकवलेलं असतं. जॅक स्वतः अगदी स्वस्त असतो, तो काढून नवा बसवणं हे जुन्या हाताचं काम. पण हेडफोनचं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे येत असणार, तेवढं तरी बघायला हवं होतं, हे खरं.

सुरंगी
आवाज आला!! आईने मालिका लावून फोन स्पीकरसमोर धरला, मला ऐकवायला.

सुरंगी
आज सकाळी परत गेला. पिन दोनदा आत-बाहेर केल्यावर आला. आता?

सोल्डरमामा
पट्टी झिजलीय, हे वारंवार होणार. आवाजाच्या सेटिंगमध्ये नीट शोधा. काही मॉडेलांत हेडफोन लावला तरी टीव्हीचा स्पीकर चालू ठेवायचा पर्याय असतो. तो सापडला तर जॅकने काहीही समजो, स्पीकर बोलत राहील. नाही सापडला तर कणकवली किंवा कोल्हापूरला सोल्डरिंग करणारा जुना माणूस गाठा आणि 'फक्त जॅक बदलायचाय' असं आधीच स्पष्ट सांगा.

सुरंगी
सापडला! हेडफोनच्या उपमेन्यूत खाली दडला होता. स्पीकर आता चालूच राहतो. पण बाबांच्या रात्रीच्या मॅचचं काय? स्वतंत्र हेडफोन सुचवा. टीव्हीला ब्लूटूथ आहे.

टोरांटोकर
मग ब्लूटूथ हेडफोनच घ्या, हल्ली बरे मिळतात.

अनुस्वार
मॅचला ब्लूटूथ नको वाटतं. आवाज किंचित मागून येतो. चेंडू बॅटला लागलेला दिसतो आणि 'टक' नंतर. बातम्यांना चालून जातं. शिवाय चार्ज करायला विसरले की आईंची झोप गेलीच.

सोल्डरमामा
अनुस्वारांशी सहमत. वयस्कर माणसांना जोडणी, पेअरिंग हे प्रकरण नको होतं. त्यापेक्षा टीव्हीसाठी मिळणारा रेडिओ लहरींवरचा हेडफोन घ्या, स्टँडसकटचा. रात्री मॅच संपली की स्टँडवर ठेवायचा, आपोआप चार्ज होतो. आवाज मागे पडत नाही, आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलं तरी समालोचन तुटत नाही. स्टँड टीव्हीच्या ऑप्टिकल पोर्टाला (आवाज प्रकाशाच्या वायरने बाहेर पाठवणाऱ्या) जोडता येईल असा बघून घ्या, म्हणजे त्या झिजलेल्या जॅकशी संबंधच नको. ऑप्टिकलचा आवाज बहुतेक टीव्हींत रिमोटने कमी-जास्त होत नाही, त्यामुळे टीव्ही म्यूट करून बाबा हेडफोनवरच्या चकतीने आपल्याला हवा तेवढा ठेवू शकतील. मात्र काही टीव्हींत ऑप्टिकल निवडलं की स्पीकर बंद होतो, ते घेण्याआधी मेन्यूत तपासा. आणि डिजिटल आउटपुट पीसीएमवर ठेवा, नाहीतर हेडफोन मुका.

सुरंगी
तपासलं, दोन्ही एकदम चालतात. मागवते आजच. गणपतीला जाईन तेव्हा जोडून देईन.

सोल्डरमामा
जोडताना ऑप्टिकल वायरच्या दोन्ही टोकांवरची पारदर्शक टोपणं आधी काढा. ती न काढता वायर दाबून बसवणारे महिन्याला एक तरी भेटतात.