मदत हवी आहे: दलदल आणि गुरं, मिथेनचा हिशोब काही केल्या जुळत नाहीये

जाणकारांनो, डोक्याचा भुगा झालाय, जरा वेळ काढून वाचा. एक साधारण ४० बाय ४० किमीचा पट्टा आहे, मधोमध मोठी पाणथळ जागा आणि कडेकडेने गोठे नि चराऊ रानं. एवढ्या भागातून वर्षाला किती मिथेन निघतो आणि त्यात दलदलीचा वाटा किती नि गुरांचा किती, हे काढायचंय. ऐकायला सोपं वाटतं ना, मलाही वाटलं होतं.

आधी खालून वर गेलो. जनावरांची गणती घेतली, आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती) २००६ च्या तक्त्यातून दर जनावरामागचा आकडा उचलला आणि गुणाकार मारला. दलदलीत चेंबर (चिखलावर पालथा घालायचा बंद डबा) लावून फ्लक्स, म्हणजे ठरावीक जागेतून ठरावीक वेळात निघणारा गॅस मोजला, तो क्षेत्रफळाने गुणला. मग वरून खाली आलो, म्हणजे टॉवरवरच्या सेन्सरचं २४ तासांचं सरासरी रीडिंग घेतलं, त्यातून १९०० पीपीबी (अब्जात इतके भाग) बॅकग्राउंड, म्हणजे हवेत मुळातच असलेला मिथेन वजा केला, वाऱ्याचा वेग घेतला, हवेचा थर १००० मीटर धरला आणि बॉक्स मॉडेल लावलं, म्हणजे अख्खा पट्टा एक डबा मानून आत किती मिथेन भरला ते काढलं. वरून आलेला आकडा खालच्याच्या दुपटीहून जास्त! सेन्सर दोनदा कॅलिब्रेट केलाय, तेव्हा तो बिघडलाय म्हणू नका प्लीज. पहाटे पाचला २४०० च्या वर जातो आणि दुपारी १९८० वर येऊन बसतो, रोज तेच.

चेंबरचंही सांगतो. फळीवर उकिडवं बसून अर्धा तास दर ५ मिनिटांनी सिरिंजने सॅम्पल ओढायचं. बऱ्याचदा छान सरळ रेघ येते पण कधीकधी तिसऱ्या-चौथ्या सॅम्पलला आकडा टुणकन उडतो, तसले सगळे सेट मी आर-स्क्वेअर (आकडे सरळ रेघेवर किती बसतात त्याचं माप) खराब म्हणून टाकून दिले. आणि पाणकणीस (दलदलीत उगवणारं उंच गवतासारखं झाड) चेंबरात मावत नाही म्हणून चेंबर मोकळ्या चिखलावरच लावलेत. हे चालतं का? नेमकी चूक कुठे शोधू?

प्रतिसाद १
पहाटे पाचला गाई जास्त ढेकर देत नाहीत हो 😀 रात्री जमीन थंड होते, हवेचा मिसळणारा थर १००-२०० मीटरवर येतो आणि तेवढाच मिथेन कमी जागेत कोंडतो, म्हणून आकडा चढतो. तुम्ही तोच चढलेला आकडा १००० मीटरच्या डब्यात भरलात. दुपारी १ ते ४ चंच रीडिंग घ्या आणि थराची उंची हवामान मॉडेलमधून रोजची रोज घ्या. बॅकग्राउंडही जगाची सरासरी नको, वारा ज्या बाजूने येतो तिकडचं मोजा.

प्रतिसाद २
वरच्यांना +१. पण दोष फक्त वरच्या आकड्याचा नाहीये, खालचा कमीच आलाय.

उडी मारणारे सेट सरसकट फेकू नका. त्यातले काही बुडबुडे फळी दबल्याने सुटलेले असतात, ते फेकाच, पण बाकीचे खरे असतात आणि काही दलदलींत बरंचसं मिथेन बुडबुड्यांनीच बाहेर पडतं. फळी चेंबरपासून लांब खांबांवर टेकवा आणि लांब नळीने सॅम्पल ओढा, मग कुठली उडी तुमच्या पायाची नि कुठली दलदलीची ते कळेल. शिवाय पाणकणीस आतून पोकळ असतं, चिखलातला गॅस त्यातून थेट वर येतो, वरच्या थरातल्या मिथेन खाणाऱ्या जिवाणूंना टांग मारून. म्हणजे जिथून सगळ्यात जास्त निघतं तीच जागा तुम्ही सोडलीत. उंच चेंबर बनवून घ्या.

गुरांचं बघू. त्या तक्त्यात उत्तर अमेरिकेतल्या दुभत्या गाईला वर्षाला १२८ किलो आहेत आणि भारतीय उपखंडातल्या गाईला ५८, आता तुमची गाय यातली कुठली? चारा आणि दूध माहीत असेल तर टिअर २ करा, म्हणजे तयार आकड्याऐवजी गाय किती खाते त्यावरून हिशोब. समजा गाय दिवसाला २०० मेगाज्यूल खाते, त्याचे ६.५ टक्के मिथेनमध्ये जातात म्हणजे १३, भागिले ५५.६५ (एक किलो मिथेनमधले मेगाज्यूल), आले साधारण २३४ ग्रॅम, वर्षाचे ८५ किलो. वासरं आणि भाकड गुरं वेगळी धरा. शेणाचा हिशोबही वेगळा, पातळ करून खड्ड्यात साठवलं तर भरपूर मिथेन, सुकवून पसरलं तर नगण्य.

आणि नकाशात तळी, ओढे दलदलीतच धरलेत का परत वेगळेही? २००८ ते २०१७ च्या जगभरच्या मिथेनच्या ताळेबंदात खालून केलेली बेरीज वर्षाला ७३७ दशलक्ष टन नि वरून ५७६ आली होती, आणि खालची फुगण्यामागे या दुहेरी मोजणीचाही हात आहे.

प्रतिसाद ३
आयसोटोपने (मिथेनमधल्या जड-हलक्या कार्बनच्या प्रमाणावरून) वेगळं करायचा विचार असेल तर पैसे वाचवा. दलदल आणि गुरं दोन्ही त्या मापात उणे ६० प्रति हजारच्या आसपास येतात, त्याने फार तर गॅसगळती ओळखता येईल. उपग्रहाचंही तेच, ट्रोपोमीचा (मिथेन मोजणारा उपग्रहावरचा सेन्सर) एक ठिपका ५.५ बाय ७ किमीचा, ढग असले की डेटा गायब, पाण्यावर सिग्नल काळा. म्हणजे दलदल फुल्ल भरात असते तेव्हाच तो आंधळा. ऋतू वापरा त्यापेक्षा, गुरांचा आकडा वर्षभर त्या मानाने सपाट राहतो, दलदलीचा पाणी आणि तापमानाबरोबर वरखाली होतो.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार, थराची उंची स्थिर धरली होती हे लिहितानाही लक्षात आलं नाही, लाज वाटली 🙈 दुपारचाच डेटा घेऊन परत चालवलं तर दुपटीचा फरक दीडपटीच्या आत आलाय. फळी पुढच्या फेरीत बदलतो. तळी दोनदा धरली होती, ती काढली तर खालचा आकडा अजून घसरला, म्हणजे आता सगळी भिस्त पाणकणसावर.

एक नवीन भानगड. पाणी ओसरलं की गुरं दलदलीतच चरायला उतरतात आणि कळप टॉवरच्या वाऱ्याच्या बाजूला आला की सेन्सरवर टोकदार शिखरं येतात. ही कुणाच्या खात्यात टाकू?

प्रतिसाद २
ढेकर गुरांच्याच खात्यात, उभी कुठेही असोत. टॉवरवर साधा टाइमलॅप्स कॅमेरा बसवा, कळप दिसला ती अर्ध्या-अर्ध्या तासांची रीडिंग बाजूला काढा. ओल्या चिखलात पडलेल्या शेणाचं काय करायचं यावर मात्र आमच्यातच अजून भांडणं चालू आहेत.