स्पीकर कानांकडे वळवावेत की सरळच ठेवावेत?

धागाकर्ता:
स्टिरिओचे दोन्ही स्पीकर नाकासमोर सरळ ठेवण्याची पद्धत मला चुकीची वाटते. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधून दोहोंची तोंडे ऐकणाऱ्याकडे वळवली, की गायकाचा आवाज बरोबर मध्यावर उभा राहतो. १०,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम ३.४ सेंटिमीटर असल्याने ट्विटर (स्पीकरमधला उंच स्वर वाजवणारा छोटा भाग) तो झोतासारखा पुढे फेकतो. त्या झोताबाहेर बसलेल्याला तारेवरून घसरणाऱ्या बोटांचा बारीक आवाज पुसटच ऐकू येतो.

प्रतिसाद १:
मी असहमत आहे. थेट झोतामुळे माझ्याकडे गाण्यातला प्रत्येक ‘स’ कानाला टोचत होता. तोंडे सुमारे १० अंश बाहेर फिरवताच तो त्रास थांबला. शिवाय सरळ ठेवलेल्या स्पीकरांचा काही ध्वनी बाजूच्या भिंतींवरून परतून येतो आणि वाद्ये स्पीकरांच्याही पलीकडे पसरल्यासारखी भासतात. ही रुंदी मला मोलाची वाटते.

धागाकर्ता:
ती रुंदी तुमच्या खोलीची आहे, ध्वनिमुद्रणाची नव्हे. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडे दार असेल, तर सगळे वादन एकीकडे कलते. कोणाला तरी भिंतीलगत आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून ज्या ठिकाणी त्यात स्पीकर दिसेल, तेथे जाड पडदा लावून पुन्हा ऐका.

प्रतिसाद २:
दोघेही एकाच खुर्चीचा विचार करीत आहात. मध्यापासून ३० सेंटिमीटर बाजूला सरकले, तरी जवळच्या स्पीकरचा ध्वनी सुमारे ०.९ मिलिसेकंद आधी पोचतो आणि गायक त्याच स्पीकरात जाऊन बसतो. म्हणून मी स्पीकर इतके आत वळवतो की त्यांचे झोत ऐकणाऱ्याच्या पुढ्यातच एकमेकांना छेदतात. मग बाजूला बसलेल्याला जवळचा स्पीकर किंचित हळू आणि लांबचा अधिक स्पष्ट ऐकू येतो, आणि वेळेतला फरक बराचसा भरून निघतो. खर्जाचा प्रश्न मात्र वेगळा आहे: स्पीकरच्या मागची भिंत १ मीटरवर असेल, तर परतणाऱ्या ध्वनीमुळे ८६ हर्ट्झच्या आसपास आवाज खचतो आणि तो कोन बदलून सुधारत नाही, त्यासाठी स्पीकरच पुढे-मागे सरकवावा लागतो.

प्रतिसाद १:
आपण सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. सोफ्याच्या टोकालाही गायक मध्याच्या जवळपास राहिला, हे मान्य करतो. मध्यावर बसल्यावर मात्र रुंदी आक्रसली, आणि ते मला चालणार नाही. एकट्याने ऐकताना मी स्पीकर सरळच ठेवीन. दोन्ही जागांसाठी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या आहेत.