कॉव्हेन्ट्रीहून एका दिवसात लंडन: काय पाहावे आणि काय सोडावे?

गोदाकाठची:
पतींच्या नोकरीमुळे आम्ही दोघे मार्चपासून कॉव्हेन्ट्रीत राहत आहोत, परंतु लंडन अजून पाहिलेले नाही. विमानतळावरून थेट इकडे आलो तेवढाच काय तो संबंध. डिसेंबरमधील एका शनिवारी सकाळी निघून रात्री परतण्याचा बेत आहे, कारण तिथे मुक्काम करणे सध्या परवडणार नाही. पतींनी अकरा ठिकाणांची यादी करून फ्रिजवर लावली आहे. तिच्यात ग्रिनिच, ब्रिटिश म्युझियम, बिग बेन, टॉवर ब्रिज आणि शिवाजी महाराजांच्या वाघनखांसाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहे. मी सुचवलेले आंबेडकरांचे घर मात्र शेवटी, कंसात लिहिले आहे. इतके सगळे एका दिवसात होईल का, आणि होत नसेल तर काय गाळावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जुना प्रवासी:
वाघनखे यादीतून निर्धास्तपणे काढा. ती जुलै 2024 मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आणली गेली आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. शिवाय ती महाराजांचीच असल्याचे खात्रीने सांगता येत नाही, असे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम स्वतःच म्हणते.

आता तिकिटाविषयी, कारण दिवस बिघडतो तो बहुधा तिथेच. दोघे नेहमी एकत्र प्रवास करणार असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड काढा. एकाच कार्डावर दोघांची नावे व छायाचित्रे असतात, भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते आणि आठवड्याच्या दिवसांना असलेली सकाळी साडेनऊपूर्वीची बंदी शनिवारी लागू नसते. कॉव्हेन्ट्रीहून लंडनच्या यूस्टन स्थानकाला जलद गाडी सुमारे तासाभरात पोहोचते, तर स्वस्त तिकिटाच्या गाड्या बऱ्याच सावकाश जातात. स्वस्त तिकीट पुष्कळदा एकाच कंपनीच्या गाड्यांपुरते असते. आम्ही पहिल्या खेपेला ती ओळ न वाचता समोर उभ्या असलेल्या जलद गाडीत जाऊन बसलो आणि रग्बी स्थानक येण्यापूर्वीच दोघांची नवी, पूर्ण भाड्याची तिकिटे काढावी लागली. तपासनीस अतिशय सौजन्याने बोलत होते, त्यामुळे भांडायचीही सोय उरली नाही.

शहरात भुयारी रेल्वेसाठी वेगळे तिकीट काढू नका, बँकेचे कार्डच चालते. मात्र प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे, आणि आत जाताना मोबाईल तर बाहेर पडताना कार्ड टेकवले, तर यंत्रणा ते दोन वेगळे प्रवासी समजते व जास्त पैसे कापते.

प्रिमरोझकर:
माझ्या मते कंसातले ठिकाण सर्वांत वर घ्यावे. यूस्टनवरून भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाईनची एजवेअरकडे जाणारी गाडी धरली की तिसरे स्थानक चॉक फार्म. तिथून रुळांवरचा पूल ओलांडून किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाचे घर पायी काही मिनिटांवर आहे. 1921-22 मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते घर 2015 मध्ये विकत घेऊन स्मारक केले. बाहेरून ते शेजारच्या घरांसारखेच दिसते, दारावरची निळी गोल पाटी नसती तर कोणी थांबलेही नसते. उघडण्याची वेळ आधी पाहून घ्या.

तिथून प्रिमरोझ हिल जवळच आहे. टेकडी म्हणण्याइतकी उंच ती नाही (आपली पर्वती तिच्याहून बरीच उंच), तरी माथ्यावरून निम्मे लंडन दिसते, आणि बाकावर बसून घरून आणलेली थालीपिठे खाता येतात.

ठाण्याचा:
वरील प्रतिसादाशी मी अंशतः असहमत आहे. पहिल्याच भेटीत थेम्स न पाहता कोणी परतले, तर नातेवाइकांना काय सांगणार? डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळतो, हेही ध्यानात ठेवा. म्हणून ग्रिनिच आणि ब्रिटिश म्युझियम सोडा. म्युझियम विनामूल्य असले तरी अर्धा दिवस खाते. चॉक फार्महून चेरिंग क्रॉस मार्गे जाणाऱ्या गाडीने थेट वॉटर्लूला या, वेस्टमिन्स्टर पुलावरून बिग बेन पाहा आणि नदीच्या दक्षिण काठाने टॉवर ब्रिजपर्यंत चालत जा. अंतर सुमारे 4 किलोमीटर आहे. दोनला निघालात तर थांबत-थांबत पोहोचेपर्यंत पुलावरचे दिवे लागलेले असतील. परतताना टॉवर हिलहून सर्कल लाईनने यूस्टन स्क्वेअर गाठा. गाडीला वेळ असल्यास शेजारच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळ मिळते.

गोदाकाठची:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल जाऊन आलो. अकरांपैकी चारच ठिकाणे झाली. टेकडीवर वारा इतका होता की थालीपीठ एका हाताने धरून दुसऱ्या हाताने चटणीचा डबा दाबून ठेवावा लागला, तरी पती तिथून उठायला तयार नव्हते. त्यामुळे वॉटर्लूला पोहोचायलाच तीन वाजले आणि नदीकाठचा निम्मा रस्ता अंधारात चाललो. भेळेत चिंचेची चटणी अंमळ गोड होती. फ्रिजवरील यादीत उरलेल्या सहा नावांपुढे आता ‘एप्रिल’ असे लिहिले आहे, आणि वाघनखांपुढे ‘सातारा’.