शिक्का खरा, पण सोनं किती?

जुन्या सोन्याच्या स्विस घड्याळांबद्दल म्हटलं जातं की १८ कॅरेटचा शिक्का असला की निदान सोन्याची किंमत तरी कुठे जात नाही. अर्धंच पटतं. ०.७५० (म्हणजे ७५ टक्के सोनं) हा आकडा किंवा हेल्वेशियाचं, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं, डोकं (१४ कॅरेटवर खारीचा ठसा असे) हे शुद्धता सांगतात, वजन नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर डायलवर नुसतं 'क्रोनोग्राफ सुइस' (म्हणजे स्विस स्टॉपवॉच-घड्याळ) लिहिलेली घड्याळं ढिगाने विकली गेली. त्यांतल्या बऱ्याच केसेस (घड्याळाची बाहेरची कवचं) म्हणजे पातळ सोन्याचा पोकळ पत्रा. ताकद आतल्या साध्या धातूच्या चौकटीची. त्यामुळे अख्खं घड्याळ वजनकाट्यावर ठेवून सोन्याचा हिशेब करू नका, मशीन आणि चौकट वजा करा. पट्टा जिथे अडकतो ते केसचे कान खालून बघा: तिथे पोचे, भोक किंवा राखाडी डाग दिसला तर कुणीतरी कथलाचं डाखकाम केलंय. ते नीट निघत नाही, आणि नंतर सोन्याचा डाख द्यायला तापवलं की कथिल सोन्यात उतरून पत्रा खातं. पॉलिश तर अशा केसला नकोच.

आणि हो, आत लँडेरॉन ४८ हे मशीन असेल तर वरचं बटण स्टॉपवॉच फक्त चालू करतं. थांबवणं आणि शून्यावर आणणं दोन्ही खालच्याने. वरच्याने थांबत नाही म्हणून 'बिघडलंय' समजू नका.