३०० पाहुणे, एकच जागा, एक संध्याकाळ : लग्नाच्या दिवशी वेळ नेमका कुठे अडकतो?

कोरीवही :
धाकट्या बहिणीचं लग्न आहे आणि नियोजन माझ्या गळ्यात आलंय. 'सहा महिने आधी हे करा, तीन महिने आधी ते करा' छापाच्या याद्या ढिगानं मिळाल्या, त्या नकोत. जागा, जेवणवाले, फोटोवाले, सजावट सगळं ठरलेलं आहे. प्रश्न फक्त त्या एका दिवसाचा आहे.

पाहुणे ३००. चार वाजल्यापासून येतील. विधी ५ वाजता हिरवळीवर, नंतर जेवण शेजारच्याच हॉलमध्ये. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास. १० वाजता जागा रिकामी करून द्यायची आहे.

वेळ कुठे जातो? बुफे ठेवावा की बसून जेवण? आवाज आणि विजेचं काय बघायचं असतं? आणि पाऊस आलाच तर? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

तासकाटा :
विधी सहसा वेळेत आटोपतात, वेळ खातात त्या रांगा. म्हणून आधी रांगांचा हिशेब मांडा.

सगळ्यात मोठी रांग नवरा-नवरीला भेटणाऱ्यांची. ३०० माणसं म्हणजे कुटुंबं धरून साधारण १०० गट. वर चढायचं, दोन शब्द बोलायचे, फोटो, खाली उतरायचं. प्रत्येकी ४५ सेकंद धरा, झाला सव्वा तास. तेवढा वेळ तुमच्या संध्याकाळीत नाहीच. दोन उपाय आहेत. एक, चढायची आणि उतरायची बाजू वेगळी ठेवायची आणि पुढचा गट पायरीशी तयार ठेवायला एक माणूस नेमायचा. ४५ चे ३० सेकंद होतात. दुसरा, माझ्या मते बरा : रांग ठेवूच नका. लोक जेवत असताना दोघांनी टेबलांपाशी जायचं. ३० टेबलं, प्रत्येकी दीड मिनिट, पाऊण तास. कोणीही उभं राहत नाही आणि फोटोही जास्त मोकळे येतात.

दुसरी रांग गटफोटोंची. एका गटाला ३ मिनिटं लागतात. त्यातलं अर्धं मिनिट फोटोचं, बाकी 'अमका कुठे गेला' यात जातं. १२ गट म्हणजे ३६ मिनिटं. यादीत 'सगळी भावंडं' असं लिहू नका, नावं लिहा. सगळ्यात मोठा गट आधी, मग एकेकाला कमी करत जायचं. वयस्कर माणसं आणि लहान मुलं पहिल्या दहा मिनिटांत सुटली पाहिजेत. दोन्ही घरांकडून चेहरे ओळखणारा एकेक माणूस यादी घेऊन उभा हवा. हाका मारणं फोटोवाल्याचं काम नव्हे, त्याला कोणी ओळखत नाही.

तिसरी अडचण दारात. हिरवळीवरून हॉलमध्ये ३०० माणसं जायला पाच-सात मिनिटं पुरतात, पण बसण्याचा तक्ता दाराशीच लावला की प्रत्येकजण तिथं थांबून नाव शोधतो आणि मागे गर्दी तुंबते. तक्ता दारापासून वीस-तीस फूट अलीकडे ठेवा, तीन प्रतींत. नावं आडनावाच्या वर्णानुक्रमानं आणि पुढे टेबल क्रमांक. टेबलवार तक्ता दिसायला छान, पण आपलं नाव शोधायला प्रत्येकाला सगळी टेबलं वाचावी लागतात.

आणि एक आजच्या आज विचारून घ्या : '१० वाजता रिकामी' म्हणजे पाहुणे बाहेर की सजावटवाल्याचा ट्रक बाहेर? आवराआवरीला तास-दीड तास लागतो.

मोठाझारा :
जेवणाचं मी सांगतो.

बुफेचा वेग सगळ्यात संथ पदार्थावर ठरतो. एका पदार्थापाशी १५ सेकंद लागत असतील तर त्या रांगेतून मिनिटाला चारच माणसं पुढे जाणार, बाकीचे पदार्थ कितीही सुटसुटीत असोत. एका रांगेत ३०० माणसांना ७५ मिनिटं. दोन काउंटर दोन्ही बाजूंनी उघडे ठेवलेत तर चार रांगा होतात आणि तेच काम १९-२० मिनिटांत होतं. दोन्ही बाजू उघड्या म्हणजे काउंटर भिंतीपासून किमान चार-पाच फूट पुढे. हे सजावटवाल्याला आधीच सांगा, तो भिंतीलाच लावतो. जे समोर करून किंवा कापून द्यायचं ते मुख्य रांगेत नको, वेगळ्या कोपऱ्यात. ताटल्या सुरुवातीला, चमचे आणि कागदी रुमाल शेवटी, म्हणजे वाढून घेताना हात मोकळा राहतो. पाणी रांगेपासून लांब. टेबलं सहा-सहाच्या तुकड्यांनी उठवा. 'जेवायला चला' अशी एकच घोषणा केली की सगळे एकदम येतात.

बसून जेवण हवं तर वाढपी मोजा : दर १०-१५ जणांमागे एक. बुफेला २५-३० जणांमागे एक पुरतो. केटरर 'माणसं भरपूर आहेत' म्हणेल. आकडा लिहून घ्या, आणि त्यात स्वयंपाकघरातले धरलेत का ते विचारा.

टेबलांत फसगत होते. पाच फुटी गोल टेबलाचा परीघ पावणेसोळा फूट, ८ जणांना प्रत्येकी दोन फूट मिळतात. तिथंच १० बसवले की १९ इंच, कोपराला कोपर लागतं. दहा जणांना सहा फुटी टेबल घ्या, तुमची ३० टेबलं होतील. दोन टेबलांच्या कडांमध्ये पाच फूट हवेत : दोन्हीकडच्या खुर्च्या दीड-दीड फूट खातात, उरलेल्या दोन फुटांतून वाढपी जातो. माणशी १२ चौरस फूट धरले तर नुसत्या बसण्याला ३६०० चौरस फूट. काउंटर आणि मंच त्याच्या वर. हॉलवाले सांगतात ती क्षमता बहुधा नुसत्या ओळीनं मांडलेल्या खुर्च्यांची असते, टेबलांची नसते.

अन्न गरम म्हणजे ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड म्हणजे ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानाला दोन तासांच्या वर काही राहू देऊ नका, कडक उन्हाळ्यात तासाभराच्या वर नाही. म्हणून भांडी लहान आणि वारंवार बदलायची. जुन्या उरलेल्यावर नवं ओतायचं नाही.

ॲलर्जी निमंत्रणाच्या उत्तरासोबतच विचारून घ्या आणि त्या पदार्थाला स्वतंत्र डाव ठेवा. नुसती पाटी लावून भागत नाही, कारण पाहुणे डावांची अदलाबदल करतात. उत्तराची शेवटची तारीख तीन आठवडे आधीची ठेवा, जेवणवाल्याला पक्का आकडा आठ-दहा दिवस आधी. मधले दिवस न कळवणाऱ्यांना फोन करण्यात जातात. फोटो, आवाज, सजावट, गाड्या या सगळ्यांची माणसं मोजून त्यांची ताटं वेगळी सांगा. तुमच्या आकाराच्या लग्नात ती वीसेक होतात, आणि पाहुण्यांच्या आकड्यात नेमकी तीच विसरली जातात.

लिंबूपाणी :
निमंत्रणावर विधीच्या वेळेआधीचा अर्धा तास छापा. सगळे उशिरानंच येतात.

तासकाटा :
हे पटत नाही. वेळेवर येणारी माणसं, बहुतेक वयस्कर, उन्हात तासभर बसून राहतात. त्यापेक्षा दोन वेळा छापा : 'आगमन ४:३०, विधी ५:००'. आणि ५:०५ ला खरंच सुरू करा.

कोरीवही :
जागेवाल्यांना विचारलं. १० ला ट्रक बाहेर! म्हणजे पाहुणे साडेआठला निघायला हवेत. आता काय करू? विधी अलीकडे आणला तर फोटोंचा उजेड जाईल.

तासकाटा :
जाणार नाही. उजेड दोघांच्या फोटोंना हवा, गटफोटो सावलीत उत्तम येतात. असं बसवा :

३:३० आगमन, ४:०० विधी, ४:४५ सावलीत गटफोटो. तोवर बाकीच्यांना हिरवळीवर काहीतरी खायला-प्यायला आणि बसायला जागा. ही पाऊण तासाची पोकळी भरली नाही तर लोक थेट हॉलमध्ये घुसतात. ५:३० ला आत. ५:४५ ला मनोगतं. तिघांनाच, प्रत्येकी चार मिनिटं. ६:०५ ला दोघांनी फोटोवाल्याबरोबर बाहेर जायचं, पंधरा-वीस मिनिटंच, सूर्य मावळायच्या आत. ६:३० जेवण. ७:०० ते ७:४५ टेबलांना भेटी, मात्र दोघांचं जेवण त्याआधी. ७ ला भेटी सुरू झाल्या की त्यांना कोणी जेवू देत नाही, म्हणून ६:३० ला पहिलं ताट त्यांचं. ८:१५ ला निरोप.

राखीव वेळ शेवटी ठेवू नका, शेवटचा तुम्हाला मिळणारच नाही. वरच्या पोकळीतच तो आहे : विधी वीस मिनिटं लांबला तर चार गटफोटो जेवणानंतरवर ढकला, बाकी काही हलत नाही. कोणते चार, हे यादीत आधीच खूण करून ठेवा.

फ्यूजवायर :
वीज : जनरेटरवर केव्हीए लिहिलेलं असतं, त्याला ०.८ नं गुणा, तेवढे किलोवॅट. म्हणजे ६२.५ केव्हीएचा ५० किलोवॅट देतो, आणि त्यातलेही पाव मोकळे ठेवायचे. अन्न गरम ठेवणारी विजेची उपकरणं भार खातात. दोन किलोवॅटची सहा म्हणजे १२ किलोवॅट तिथंच गेले. आवाजाची लाइन स्वयंपाकघरापासून वेगळी मागा. एकाच लाइनवर असली की शेगडीचा फ्यूज उडाला की माइकही बंद, तोही नेमका मनोगतं चालू असताना. एक्स्टेंशनची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून मोठा भार दिला तर ती तापते, वितळूही शकते. पूर्ण उलगडून घ्यायला सांगा.

आवाज : माइक कायम स्पीकरच्या मागे. बोलणारा स्पीकरपुढे गेला की कर्कश शिटी वाजणारच. उघड्या हिरवळीवर भिंती नसतात, मागच्यांना ऐकू यावं म्हणून पुढचा आवाज वाढवत नेला जातो आणि पहिल्या ओळींचे कान बसतात. निम्म्या अंतरावर स्पीकरची दुसरी लहान जोडी लावा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून २० मीटर मागच्या स्पीकरला ६० मिलिसेकंदांच्या आसपास विलंब द्यावा लागतो. नाही दिला तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हे साउंडवाल्याला फक्त 'मागच्या जोडीला डिले लावला का?' एवढं विचारलंत तरी तो सावध होतो. बिनतारी माइकला त्या दिवशी नव्या बॅटऱ्या, आणि एक वायरचा माइक मंचावर तयार. गाणी फोनमध्ये उतरवून घेतलेली, फोन विमान मोडवर. नाहीतर ऐन विधीत कोणाचा तरी कॉल स्पीकरवर वाजतो.

उजेड : चार वाजताचा सूर्य पश्चिमेकडे झुकलेला असतो. मांडणी अशी फिरवा की तो बाजूनं पडेल. दोघांच्या पाठीशी आला तर चेहरे काळे आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत ऊन. त्याच वेळेला आदल्या आठवड्यात जागेवर जाऊन बघता येतं. हॉलमध्ये रंगीत दिवे भिंतींवर ठीक, चेहऱ्यांवर नकोत. जांभळे गाल नंतर कोणत्याही संगणकावर नीट दुरुस्त होत नाहीत.

फोटोवाल्याला एकच प्रश्न : कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर साठवतो का? नाही म्हणाला तर त्याच रात्री प्रत काढून वेगळ्या ठिकाणी ठेवायचं लिहून घ्या.

निळीछत्री :
पावसाची पर्यायी योजना सगळे करतात, ती कधी लागू करायची हे कोणी ठरवत नाही. निर्णयाची वेळ आणि निर्णय घेणारा, दोन्ही आधी ठरवा. वेळ उलटी मोजा : ३:३० ला आगमन, मांडणीला चार तास, म्हणजे सकाळी साडेअकराला शेवटचा शब्द. नवरीला विचारायचं नाही, आईवडिलांनाही नाही. ती माणसं दुपारपर्यंत आशेवर राहतात. एकदा आत ठरलं की आतच, नंतर लख्ख ऊन पडलं तरी.

आत घ्यायचं तर ओळीच्या ३०० खुर्च्या टेबलांच्या जागेत बसत नाहीत. टेबलं आधीच मांडून विधी त्यांच्यामध्ये, खुर्च्या मंचाकडे वळवून, हे सगळ्यात कमी हलवाहलवीचं.

मंडप घातलात तर पावसापेक्षा वाऱ्याची चौकशी करा. खांबांना वजनं किती, बाजूचे पडदे आहेत का, आणि किती वाऱ्याला तो उतरवणार. छताला पाणी साचू नये म्हणून उतार हवा. सपाट कापड साचलेल्या पाण्यानं एकदम फाटतं. ओल्या हिरवळीत टोकदार टाचा रुततात, तेव्हा निमंत्रणावर 'विधी हिरवळीवर' एवढं लिहिलंत तरी पुरे.

कोरीवही :
सगळ्यांचे आभार. शेवटचं : त्या दिवशी फोन कोणी घ्यायचे? आणि उरलेले पैसे कधी द्यायचे?

मोठाझारा :
घरच्यांपैकी कोणी नको. लग्नाशी जवळचं नातं नसलेली, शांत डोक्याची एक व्यक्ती. सगळ्या पुरवठादारांना आठवडाभर आधी तिचाच नंबर द्या आणि आदल्या संध्याकाळी तिनंच प्रत्येकाला फोन करून पोहोचायची वेळ त्यांच्या तोंडून वदवून घ्यायची. वेळापत्रक छापून प्रत्येकाच्या हातात. फोनवर पाठवलेलं कोणी उघडत नाही.

पैसे पाकिटांत मोजून, वर नाव आणि रक्कम लिहून, त्याच व्यक्तीकडे. जेवणवाल्याचं पाकीट ताटांची मोजणी दोघांनी मिळून केल्यावर, सजावटवाल्याचं आवरून झाल्यावर. करारात जादा तासाचा दर आणि ऐनवेळी माणूस आजारी पडला तर बदली कोण येणार, हे दोन्ही नसेल तर या आठवड्यात लिहून घ्या.