बुलेट सीआय ३५० : जास्त लिफ्टचा कॅम, पण स्प्रिंग कोणती?

आर्वी_सीआय
नमस्कार मंडळी. कास्ट आयर्न बुलेट ३५० (बोअर ७० × स्ट्रोक ९० मिमी) उघडली आहे. बोअर झालं, पिस्टन नवा. जास्त लिफ्टच्या (व्हॉल्व जास्त उघडणाऱ्या) कॅमचा जोड घेतला, त्याच्यासोबत मापाचा कागद नाही. काही जण म्हणून राहिले का फक्त कडक व्हॉल्व स्प्रिंग टाक, बाकी जुनं चालते. टॅपेट (कॅमवर चालणारा तुकडा), पुशरॉड (टॅपेटपासून वर रॉकरपर्यंतची दांडी), कॉलर (स्प्रिंगवरची टोपी), लॉक (कॉलर व्हॉल्वच्या दांडीला धरणारे दोन अर्धे) जुनेच ठेवू का? हेडची सीट (व्हॉल्व जिथं टेकून बंद होतो ती कड) आधी एकदा कापलेली आहे. पुशरॉड स्टीलचे घ्यावे का? गाडी आर्वी-वर्धा रोज चालणारी, भर उन्हाळ्यातही.

टायमिंग_कव्हर
भाऊ, स्प्रिंग आत्ता घेऊच नका. आधी मापं घ्या. कॅमवर मोजलेली लिफ्ट आणि व्हॉल्वला मिळणारी लिफ्ट एक नसते, मधे रॉकर (व्हॉल्व दाबणारी तरफ) आहे. म्हणून हलकी स्प्रिंग लावून हेड बसवा, डायल गेज (बारीक अंतर दाखवणारं काट्याचं माप) थेट कॉलरवर टेकवा आणि इंजिन हातानं फिरवा. येईल ती खरी लिफ्ट.

दुसरं माप फिट उंचीचं : व्हॉल्व बंद असताना स्प्रिंगच्या खालच्या बैठकीपासून कॉलरच्या आतल्या बाजूपर्यंत. तुमची सीट कापलेली आहे, म्हणजे व्हॉल्व आत गेला, दांडी वर आली आणि ही उंची वाढली. नवीकोरी स्प्रिंगही तिथं ढिली पडते. इनलेट-एक्झॉस्टचं वेगवेगळं मोजा, सारखं निघत नाही.

पूर्ण उघड्या स्थितीत स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायला निदान १.५ मिमी बाकी पाहिजे. कॉलरचं बूड आणि गाईडचं (व्हॉल्वची दांडी सरकते त्या नळीचं) डोकं यांतही तेवढंच. हे दुसरं लोक पाहतच नाहीत. मग कॉलर गाईडवर आदळते, लॉक सुटते आणि व्हॉल्व पिस्टनवर पडतो.

पिस्टन नवा आहे, तर त्याच्या डोक्यावर तेल लावून खेळण्याची माती ठेवा, हेड गॅस्केटसकट कसा, दोन फेरे फिरवा आणि माती कापून जाडी पाहा. इनलेटला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमीच्या खाली नको. व्हॉल्व-पिस्टनची जवळीक टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) अलीकडे-पलीकडे १०-१५ अंशांत होते; नेमक्या टीडीसीवर मोजून समाधान मानू नका.

वरुडचा_लेथ
स्प्रिंग टेस्टर गावात कुठून आणता? धान्याच्या पोत्याचा १०० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा ड्रिल मशीनखाली ठेवा, स्प्रिंगवर चपटी पट्टी ठेवून दाबा. एकदा फिट उंचीवर किलो लिहा, एकदा फिट उंची वजा लिफ्टवर. किराण्याचा ३० किलोचा काटा याले पुरत नाही.

लॉक आणि कॉलर मात्र जोडीनंच घ्या. लॉकचा उतार आणि कॉलरचा उतार वेगळा असला तर लॉक फक्त कडेवर धरते. मार्करची शाई लावून बसवा, दाबा, काढून पाहा : शाई पूर्ण उंचीवर सारखी पुसली पाहिजे. लॉकचे दोन अर्धे एकमेकांना टेकले तर ते दांडीला पकडूनच नाही राहिले.

पुशरॉड_वर्धा
टॅपेट जुने ठेवू नका. त्यांच्या पायावर जुन्या कॅमची झीज बसलेली असते, नवा कॅम तिच्यावर थोड्याच दिवसांत खरवडून निघतो. टॅपेटचे पाय घासून सरळ करून घ्या नाहीतर नवे टाका. कॅमचं नाक मोठं झालं, तर टायमिंग केसला किंवा शेजारच्या टॅपेटला लागते का तेही हातानं फिरवून पाहा.

पुशरॉड काचेवर लोळवा. सरळ असले आणि टोकं ढिली नसली तर अल्युमिनियमचेच राहू द्या. स्टील तापल्यावर अल्युमिनियमच्या साधारण निम्मंच वाढते, म्हणून गरम इंजिनात गॅप उघडतो आणि टॅपेट वाजत राहतात. स्टीलची गरज फार कडक स्प्रिंगलाच.

सेटिंग थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या टीडीसीला : दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरले पाहिजेत, वर-खाली हलता कामा नयेत. त्याआधी डीकॉम्प्रेशनची (किक सोपी जावी म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व उघडणारी) केबल ढिली करा. ती ताणलेली असली तर एक्झॉस्टचा टॅपेट किंचित उचललेला राहतो, व्हॉल्व सीटवर बसत नाही आणि जळतो. दोष मग स्प्रिंगले देतात.

आर्वी_सीआय
मापं घेतली. लिफ्ट दोन्हीकडं ९ मिमी. फिट उंची इनलेट ३८, एक्झॉस्ट ३८.८. स्प्रिंग ३८ वर २५ किलो, २९ वर ४७.५; वेढे टेकतात २७.५ वर. याच्याहून कडक घेऊ का?

टायमिंग_कव्हर
नको. मिमीला २.५ किलोची स्प्रिंग आहे. इनलेटला १.५ मिमी शिल्लक, बरोबर हद्दीवर. तिथं शिम (स्प्रिंगखालची पातळ चकती) टाकू नका. एक्झॉस्टला बंद स्थितीत २३ किलोच भरते, तिथं खाली ०.८ ची शिम टाका : उंची ३८, दाब २५, शिल्लक १.५. कॉलर ते गाईड अंतर व्हॉल्व बंद असताना १०.५ मिमी आहे का ते मात्र मोजा. कमी असेल तर गाईडचं डोकं लेथवर तेवढंच उतरवा.

कडक स्प्रिंगनं ताकद वाढत नाही. ५५०० आरपीएमला ९० मिमी स्ट्रोकचा पिस्टन सरासरी सेकंदाला १६.५ मीटर धावतो. खालच्या बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला) त्याच्यापुढं ताणायचं नसेल, तर जास्तीचा दाब कॅम आणि टॅपेट खाण्यापलीकडं काही करत नाही.

पुशरॉड_वर्धा
कॅमच्या नाकाला आणि टॅपेटच्या पायाला असेंब्ली पेस्ट लावा. पहिल्यांदा सुरू झाल्यावर आयडलवर ठेवू नका, सकाळच्या गारव्यात लगेच रस्त्यावर काढा. हवेवर थंड होणारं इंजिन आहे, एका जागी उभं राहून तापते. २०डब्ल्यू-५० तेल टाका, १०० किमीवर बदला आणि टॅपेट परत थंड इंजिनावर पाहा.